बाल मिठाईचा घाणा: पाच लिटर दूध, चाळीस वड्या

उत्तराखंडाच्या कुमाऊं भागातल्या अल्मोड्यात, लाला बाजारात, बाल मिठाईच्या ताटाशेजारी तशाच तपकिरी, पण पांढरे दाणे न लावलेल्या वड्या मांडलेल्या असतात. त्यांना तिथे सरळ 'चॉकलेट' म्हणतात. कोको दोन्हींत नावालाही नसतो. खवा, साखर आणि बाहेरून लावलेले खसखशीचे साखरदाणे, एवढाच सगळा ऐवज. या मिठाईच्या आजच्या रूपाचं श्रेय कुमाऊंत लाला जोगा राम शाह यांना दिलं जातं. आज नैनिताल, हल्द्वानी, राणीखेत, सगळीकडे ती मिळते, पण डब्यावर अल्मोड्याचं नाव असलं तरच लोक खूश.

इथे सांगितलेला घाणा नोव्हेंबरात अल्मोड्यातच, घरगुती गॅसवर केलेला आहे. त्याआधीचे दोन बिघडले होते. कुठे बिघडले ते त्या त्या टप्प्यावर येईलच. पुढे हाच घाणा पुण्यात केला, तेव्हा जे बदलावं लागलं तेही.

सुरुवात दाण्यांपासून, आणि तीही दोन दिवस आधी. वड्या थापायच्या दिवशीच दाणे करायला बसलं तर दोन्हीकडचं लक्ष जातं. संक्रांतीचा हलवा ज्यांनी घरी केलाय त्यांना ही कृती नवी नाही. परातीत खसखस, खाली मंद आच, वरून पाकाचे थेंब आणि बोटांनी फिरवत राहणं. हलव्याला काटा हवा असतो, इथे तो नको. इथला दाणा होमिओपॅथीच्या गोळीसारखा गुळगुळीत लागतो. म्हणून दाणे नुसते हलवायचे नाहीत, तळहाताने एकमेकांवर घासत फिरवायचे. काटा धरायला लागला की त्या घासण्याने तो मोडतो.

प्रमाण: खसखस २५ ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, पाणी १५० मिलि, मळी काढायला चमचाभर दूध. खसखस कमी वाटते, पण तेवढीच घ्या. तिचा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. तो दोन मिलिमीटरचा करायचा म्हणजे घनफळ आठपट होतं आणि साखर खसखशीपेक्षा जड असल्यामुळे वजन दहापटीच्याही वर जातं. पहिल्या वेळी १०० ग्रॅम खसखस घेतली होती. अर्धा किलो साखर जिरली, दोन दिवस गेले, तरी दाणे मोहरीपेक्षा बारीकच. वडीला लावल्यावर ते दाणे न दिसता रवा भुरभुरल्यासारखे दिसत होते.

खसखस आधी चाळून घ्यायची, कारण तिच्यातली माती नंतर निघत नाही. परात हाताला सोसेल इतकीच तापवायची. पाक एकतारी करून दुधाने मळी काढायची आणि तो शेजारी कोमट ठेवायचा. एका वेळी अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही. पाक पडला की दाणे ओले, चकचकीत दिसतात. फिरवता फिरवता ते मंद पांढरे पडले आणि परातीत सळसळ आवाज यायला लागला की मगच पुढचा अर्धा चमचा. आवाज यायच्या आधी पाक घातला की चार-चार दाण्यांचे गठ्ठे होतात. ते फोडत बसू नका, चाळणीने काढून बाजूला ठेवा, चहात चालतात. परात जास्त तापली तर साखर पिवळी पडते आणि खसखशीला जुन्या तेलासारखा वास येतो. असे दाणे टाकूनच द्यावे लागतात. एका बैठकीत दीड तास पुरे. तीन बैठकांत २५ ग्रॅम खसखशीचे साधारण २८० ग्रॅम दाणे झाले, बाकी पाक परातीला आणि गठ्ठ्यांत गेला. एका घाण्याला दाणे लागतात २२० ग्रॅमच्या आसपास. बरेच दुकानदार हल्ली दाणे तयार विकत घेतात, त्यात खसखस असतेच असं नाही. चावून पाहा. मधे खसखशीचा कण दाताखाली आला तर दाणा खरा.

आता दूध. पूर्ण स्निग्धांशाचं, म्हणजे ६ टक्के फॅट आणि ९ टक्के इतर घन पदार्थ असलेलं, पाच लिटर. त्यातून किलोभर किंवा थोडा जास्त खवा पडतो. निव्वळ गायीच्या दुधाचा खवा कमी पडतो, शिवाय तो पिवळसर आणि चिकट होतो. दोन्ही दुधं मिसळली तर बिघडत नाही, पण त्या हिशेबाने साखर कमी करावी लागते.

कढई लोखंडी, जाड बुडाची आणि पसरट हवी. पाच लिटरला चौदा इंची तरी हवीच, नाहीतर अडीच-अडीच लिटरचे दोन भाग करा. दूध उकळेपर्यंत आच मोठी चालते. उकळी आल्यावरही निम्मं होईपर्यंत मोठीच ठेवा, फक्त उलथणं तळाला लागून फिरत राहिलं पाहिजे. रबडीइतकं दाट झालं की मात्र आच लगेच निम्म्यावर आणायची. पहिला घाणा इथेच गेला. आच दोन मिनिटं उशिरा कमी केली, तळाला रुपयाएवढा डाग धरला आणि तो खरवडला गेल्याने सगळ्या खव्यात काळे कण उतरले. करपलेल्या खव्यावर उपाय नाही. डाग धरलाय असं उलथण्याला जाणवलं तर तिथे घासू नका. वरचा माल दुसऱ्या कढईत ओता आणि डाग तिथेच राहू द्या.

दूध थोडं जरी आंबट असलं तरी रबडीच्या टप्प्यावर ते फाटल्यासारखं रवाळ होतं. यावर काही जण चिमूटभर खायचा सोडा घालतात. सोड्याने खवा मऊ होतो आणि रंगही पटकन धरतो, म्हणून ही युक्ती फार मोहाची. पण तो रंग चवीशिवाय येतो आणि मागे साबणासारखी चव रेंगाळते. रवाळ झालेल्या खव्याचा कलाकंद करा, बाल मिठाईला ताजं दूध घ्या.

पावणेदोन तासांनी खवा कढईच्या कडा सोडून एकत्र आला. तो १ किलो ५० ग्रॅम भरला. गॅस अर्ध्या किलोच्या आसपास गेला असावा, कारण चार किलो पाणी उडवायचं म्हणजे तेवढी आच लागतेच. घरी एवढा खटाटोप नको असेल तर विकतचा घट्ट, गुळगुळीत खवा आणावा. गुलाबजामाचा ओला खवा नको आणि रवाळही नको. महाराष्ट्रात भूम-कुंथलगिरीकडचा ताजा खवा मिळाला तर काम झालं. कुठलाही विकतचा खवा आणला की थोडा पाण्यात उकळून, गार करून त्यात टिंचर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात पिठूळ भेसळ आहे. पीठ असलेला खवा परतताना कढईला गोंदासारखा चिकटतो आणि बाल मिठाईचा रंग त्याला कधीच येत नाही.

इथवरचं काम कुठल्याही पेढ्याचं असतं तेच. बाल मिठाई सुरू होते ती यानंतरच्या परतण्यात.

लोणी कढवून तूप गाळलं की खाली बेरी राहते. तिचा रंग आणि वास आठवा. खवा नेमका तिकडे न्यायचा आहे, फक्त सगळा एकसारखा आणि तूप न सुटता. हा रंग साखर जळून येत नाही. दुधातली स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि दुधातली प्रथिनं तापल्यावर त्यांची जी अभिक्रिया होते, तिच्यातून तो रंग आणि तो खरपूसपणा येतो. रसायनशास्त्रात तिला मायार अभिक्रिया म्हणतात. पाच लिटर दुधात लॅक्टोज जवळजवळ पाव किलो असतं, त्यामुळे रंगाला भांडवल भरपूर आहे. वरून घातलेली उसाची साखर या अभिक्रियेत थेट येत नाही, आणि ती स्वतः जळून कॅरॅमल व्हायला १६० अंशांच्या पुढे जावं लागतं. खव्यात पाणी आहे तोवर कढईतला माल तिथवर पोचत नाही.

यातूनच साखर कधी घालायची ते ठरतं. खवा ओला असेपर्यंत त्याचं तापमान शंभरच्या आसपास अडून राहतं आणि रंग मुंगीच्या पावलाने चढतो. पाणी कमी झालं की तापमान वर सरकतं आणि रंग पळायला लागतो. साखर घातली की ती खव्यातल्या पाण्यात विरघळते, सगळा माल पातळ होतो आणि रंगाचा वेग पुन्हा मंदावतो. दुसरा घाणा यामुळेच बिघडला. साखर खवा पांढरा असतानाच घातली. पाऊण तास ढवळूनही रंग बिस्किटापुढे जाईना, आणि शेवटी जे जमलं ते दाताला चिकटणारं टॉफीसारखं काहीतरी. काही कारागीर खवा आणि साखर एकत्रच शिजवतात, पण त्यांच्या भट्टीची आच आणि दोन्ही हातांनी चालणारा खुरपा घरच्या गॅसवर कुठून आणणार? घरी आधी रंग, मग साखर.

खवा मोकळा करून त्याच कढईत, मंद आणि मध्यम यांच्या मधल्या आचेवर परतायला घेतला. रंगाचे टप्पे असे: साय, मग मारी बिस्किट, मग बदामाची साल, मग चिंचोका. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं. आच वाढवायचा मोह इथेच होतो आणि वाढवली की तूप सुटतं. पंधरा मिनिटांनी कच्च्या दुधाचा वास गेला. विसाव्या मिनिटाला बिस्किटाचा रंग आला. त्यापुढे हात एक क्षण थांबवायचा नाही. उलथण्याच्या पाठीने माल कढईला पसरून दाबायचा, खरवडून उलटायचा, पुन्हा दाबायचा. नुसतं गोल ढवळलं तर गोळा बाहेरून तपकिरी आणि आतून पांढरा राहतो, आणि वडी कापल्यावर ते लपत नाही. पस्तिसाव्या मिनिटाला बदामाच्या सालीचा रंग आला. वजन ९३० ग्रॅम, म्हणजे १२० ग्रॅम पाणी आणखी गेलं.

मधेच कडेला तूप चमकायला लागलं तर आच बंद करा, दोन चमचे दूध शिंपडा आणि माल उलथण्याने मळून घ्या. तूप परत आत जातं. ते न करता तसंच परतत राहिलं की खवा भुसभुशीत होतो आणि मग वडी कापताना चुरा पडतो.

आता साखर. ९३० ग्रॅमला ३५० ग्रॅम, बारीक दाण्याची, तीन वेळा विभागून घालायची. दुकानातली बाल मिठाई याहून गोड असते, पण बाहेरचे दाणेही साखरच आहेत हे विसरून चालणार नाही. पिठीसाखर मात्र नको. ती गुठळ्या धरते, शिवाय बाजारच्या पिठीसाखरेत बऱ्याचदा कॉर्नफ्लॉवर असतं. साखर पडली की माल आमटीसारखा सैल होतो. घाबरायचं कारण नाही. पुढची वीस-पंचवीस मिनिटं तो पुन्हा आळेपर्यंत परतायचा. या वेळात रंग बदामाच्या सालीवरून चिंचोक्याकडे जातो.

कधी थांबायचं याची खूण हातातच आहे. गार ताटलीवर सुपारीएवढा माल ठेवायचा आणि अर्ध्या मिनिटाने बोटांत वळायचा. गोळी झाली, बोटाला चिकटली नाही आणि दाबल्यावर कडा फाटल्या नाहीत, की बस. चिकटली तर पाणी आहे, पाच मिनिटं आणखी. कडा फाटल्या तर पुढे गेलंय, चमचाभर गरम दूध घालून परत मळायचं. रंग मनातल्या रंगापेक्षा एक छटा फिका असतानाच उतरवायचा, कारण लोखंडी कढई आच बंद झाल्यावरही काम करत राहते. उतरवताना माल १ किलो २१० ग्रॅम होता.

तापमापक लावून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अल्मोडा सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. पाणी तिथे ९५ अंशांच्या आसपास उकळतं, पुण्यात ९८ ला, मुंबईत १०० ला. पाक असो की खवा, पाण्यावर चालणारं प्रत्येक तापमान डोंगरात पाचेक अंश खाली येतं. अल्मोड्यात टिपलेले आकडे जसेच्या तसे मुंबईत वापरले तर माल ओलाच उतरतो. पाकाची तार आणि ताटलीवरची गोळी मात्र कुठल्याही उंचीवर खरं बोलतात.

२० बाय २५ सेंटिमीटरचं ताट, तुपाचा हलका हात, दोन सेंटिमीटर जाडीचा थर. वाटीच्या बुडाने दाबून सपाट करायचा, मधे हवा राहिली तर वडीला भोकं पडतात. मग झाकण न लावता, वर फक्त कापड टाकून रात्रभर बाहेर ठेवायचा. झाकण लावलं की वाफ धरून वरचा थर ओला होतो. फ्रिजमध्ये ठेवून घाई केली तर वडी वरून कडक होते आणि आत मऊ राहते. सकाळी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, पाच बाय अडीच सेंटिमीटरच्या वड्या कापल्या. चाळीस वड्या, प्रत्येकी तीस ग्रॅमच्या आसपास.

दाणे लावायला १०० ग्रॅम साखर आणि ५० मिलि पाण्याचा एकतारी पाक, कोमट केलेला. गरम पाकाने वडीच्या अंगावर तूप येतं आणि दाणे घसरतात. पाक जास्त घट्ट असेल तर वाळल्यावर पांढरे चट्टे पडतात. बोटाने वडीला पाकाचा पातळ हात फिरवा, इतका पातळ की वडी ओली दिसेल पण थेंब ओघळणार नाही. मग दाण्यांच्या परातीत सहाही बाजूंनी हलकेच दाबा. दाण्याखालचा तपकिरी रंग इथे तिथे डोकावला पाहिजे. वडी पूर्ण पांढरी झाली तर ती नुसती साखर लागते. लावून झाल्यावर तासभर उघड्यावर वाळू द्या, तोवर एकावर एक रचू नका.

दुसऱ्या दिवशी दाणे पिवळट आणि ओले झाले तर दोष दाण्यांचा नसतो. वडी ओली उतरलेली असते आणि तिचं पाणी दाणे ओढून घेतात. पुण्यात जुलैत केलेल्या घाण्याला मात्र वेगळंच दुखणं लागलं. वडी कोरडी, दाणे ओले. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की साखर हवेतूनच पाणी घेऊन विरघळायला लागते. पावसाळ्यात म्हणून वड्या डब्यात भरून ठेवाव्यात आणि दाणे वाढायच्या दिवशीच लावावेत. फ्रिजचंही तसंच. दाणे लावलेली मिठाई फ्रिजमधून काढून लगेच उघडली की तिच्यावर दव धरतं आणि दाणे वितळतात. ठेवायचीच असेल तर घट्ट डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडू नका. थंडीत बाहेर आठवडाभर टिकते. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांवर भरवसा ठेवू नये.

साताऱ्याच्या कंदी पेढ्याची सवय असलेल्या जिभेला ही चव ओळखीची वाटते, कारण तिथेही खवा असाच खमंग भाजलेला असतो. कंदी पेढा बिस्किट ते बदाम एवढ्यावर थांबतो, बाल मिठाई पुढे जाते. वेलची, जायफळ काही घालायचं नाही. वेलची घातली की भाजल्याचा वासच झाकला जातो. रंग आणायला कोको किंवा कॉफी घातलेली बाल मिठाई ओळखायची तर तुकडा नुसता जिभेवर विरघळू द्या. कोकोचा कडूपणा जिभेच्या मागे कोरडा बसतो, भाजलेल्या खव्यात तो नसतो.

त्याच घाण्यातला खवा उरला तर सिंगोडी. भाजायच्या आधीचा पांढरा खवा २५० ग्रॅम, साखर ७० ग्रॅम, ओलं खोबरं ५० ग्रॅम. साखर विरघळून माल जेमतेम आळेपर्यंतच परतायचा आणि कोमट असतानाच मालूच्या पानाच्या शंकूत भरायचा. मालू ही आपट्याच्या कुळातली वेल. पान आपट्यासारखंच दुभंगलेलं, पण हातभर मोठं. कोमट खव्याला पानाचा वास लागतो आणि सिंगोडीची अर्धी चव त्या वासातच असते. खवा गार करून भरला तर पान नुसतं वेष्टन उरतं. आपट्याच्या पानात ही मजा येत नाही, करून पाहिलंय.

शेवटचं, प्रवासात नेणाऱ्यांसाठी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, आणि बाल मिठाईच्या प्रत्येक खऱ्या दाण्याच्या पोटात ती असते. दुबईच्या नातेवाइकांसाठी डबा भरायचा असेल तर त्याच घाण्यातल्या दाणे न लावलेल्या वड्या भराव्यात, म्हणजे अल्मोड्याच्या भाषेत चॉकलेट.